लोलार्ड आणि आबासाहेबांचं लोटांगण

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी चकलीची भाजणी चाळत होते. "बाई, तुमच्या कामातले थरारक अनुभव लिहून द्या," म्हणाले. शब्दकोशाच्या कामातले थरारक अनुभव! अहो, आमच्या कचेरीतली सगळ्यात मोठी मारामारी एका स्वल्पविरामावरून झाली होती, आणि तीसुद्धा दोघांनी आधी आपापले चष्मे नीट घडी करून ठेवल्यावर. पण दरवर्षी पोलीस लिहितात, डॉक्टर लिहितात, बदलीच्या गावचे कलेक्टर लिहितात. एखाद्या वर्षी कोशवालीनं लिहिलं म्हणून कुणाचा फराळ नासणार नाही.

आमची कचेरी शाहूपुरीत, एका गुळाच्या अडत दुकानाच्या माडीवर. खाली ढेपा उतरायच्या, वर शब्द चढायचे. दोन्हीकडे वजन करूनच माल घ्यायचा अशी पद्धत होती, फक्त खालच्या वजनावर लोकांचा विश्वास होता. गूळ चाखून कुणी वर आलं आणि शब्द लिहिलेल्या कार्डाला हात लावला, की ते कार्ड आधी मुंग्या वाचायच्या, मग आम्ही.

लोकांना वाटतं, शब्दांचे अर्थ आम्ही ठरवतो. आमच्या हातात तेवढं असतं तर मी पहिल्यांदा 'मानधन' या शब्दाचा अर्थ बदलून घेतला असता. आमचं काम तपासनिसाचं. शब्द समोर आला, की तो लिहिलेला पहिल्यांदा कुठे सापडतो, तेव्हा लोक त्यातून काय समजत होते, त्याआधी तो कुठल्या भाषेत राहत होता, हे हुडकायचं. चार जुन्या कोशांत चार गोष्टी सांगितलेल्या असतात, त्यातली कुठली पुराव्यावर उभी आहे आणि कुठली नुसतीच ऐटीत उभी आहे ते बघायचं. आठवडाभर असं डोकं पिकवून शेवटी कार्डावर चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींना आमच्यात 'नोंद' म्हणतात. घरचे लोक तिला 'एवढंच?' म्हणतात.

आणि गिऱ्हाइकं! एक टेम्पोवाला जिना चढून आला. "बाई, टेम्पोच्या मागं लिवायला येक विंग्रजी शब्द द्या. वाचणाऱ्याला कळला न्हाय पायजे, पण राग आला पायजे." मी म्हटलं, "अहो पावणं, त्यासाठी इंग्रजी कशाला? आपली भाषा काय कमी पडली?" तो बराच वेळ विचारात पडला आणि समाधानानं गेला. एक निवृत्त अधिकारी 'लाच' या शब्दाची नोंद फार लांबली आहे अशी लेखी तक्रार घेऊन आले होते. अनुभवी माणूस, त्यांचं ऐकायला हवं होतं.

ते असो. मला सांगायचंय ते एका इंग्रजी शब्दाबद्दल, आणि त्या शब्दावरून आमच्या मेघाची नोकरी पणाला लागली त्याबद्दल.

झालं असं, की आमच्या कोशमंडळानं इंग्रजीतल्या धार्मिक शब्दांचा छोटा कोश काढायचं ठरवलं. आता कोल्हापुरात हे कुणाला हवं होतं, असं विचारू नका. इंग्रजी घेऊन एमए करणारी पोरं जुन्या कविता वाचतात, त्यात पानोपानी मठ, पाद्री आणि पाखंडी येतात, आणि पोरं ते सगळं गाईडमधून पाठ करतात. त्यांच्यासाठी खरा कोश, असा उदात्त विचार होता. उदात्त विचाराला पैसे लागतात. ते दिले आबासाहेबांनी. आबासाहेब म्हणजे एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, एका दूधसंघाचे माजी काहीतरी आणि शहरातल्या प्रत्येक चौकातल्या बॅनरवरचे हसरे कायम रहिवासी. पैसे दिल्यावर ते आमच्या मंडळाचेही अध्यक्ष झाले. तशी रीतच आहे, आम्ही तक्रार करत नाही.

मेघा त्यांच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तासिका तत्त्वावर. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: प्राध्यापकाचं सगळं काम करायचं, जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे घ्यायचे, तेही संस्थेला आठवण होईल तेव्हा, आणि दर उन्हाळ्यात आपण नोकरीत आहोत की नाही ते पंचांगात बघायचं. त्या वर्षी तिच्या विषयाची कायमची एक जागा निघाली होती. मुलाखत महिन्यावर आली होती. आणि मी कोशातलं 'एल' अक्षर तिला दिलं होतं.

एक दिवस ती जिना जवळजवळ पळतच चढून आली. "बाई, लोलार्ड!" मला वाटलं कुणी शिवी दिली.

"शिवीच आहे," ती म्हणाली. "चौदाव्या शतकात इंग्लंडात धर्मग्रंथ आपल्या बोलीत वाचायला मिळावा म्हणणारे लोक होते ना, त्यांना लोलार्ड म्हणायचे. पाखंडी म्हणून काहींना जाळलंसुद्धा. पण शब्द इंग्रजी नाहीच. डच भाषेतून आलाय. तिकडे 'लोलेन' म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, हलकं गुणगुणणं. आणि हे नाव पहिल्यांदा कुणाला ठेवलं होतं माहितेय?"

मला माहीत होतं, पण तिचा चेहरा बघून मी नाही म्हटलं.

"तिकडे काही संन्यासी बंधू होते. आजाऱ्यांची सेवा करायचे. ज्यांना हात लावायला कुणी तयार नाही अशी मढी उचलायचे आणि पुरायचे. पुरताना हलक्या आवाजात प्रार्थना म्हणायचे. म्हणून लोक त्यांना हसायचे. आले बघ पुटपुटे! आपली माणसं त्यांच्याकडूनच पुरून घ्यायची आणि वर त्यांनाच नावं ठेवायची." एवढं बोलून ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बाई, ही नोंद मी लिहिणार. कुणाला देऊ नका."

यातली मेख मला कळली, कारण मी तिच्या वडिलांना ओळखत होते. दत्तोबा पंचगंगेच्या काठावरच्या स्मशानभूमीत कामाला. सरण रचायचं, अग्नी नीट लागेल असं बघायचं, सकाळी रक्षा गोळा करायला मदत करायची. कोरोनात त्या माणसानं आणि त्याच्या जोडीदारांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. माझे शेजारी गेले तेव्हा त्यांची सख्खी मुलं रस्त्यापलीकडे गाडीच्या काचा वर करून बसली होती. अग्नी दत्तोबांनी दिला. त्या वर्षी त्यांच्यावर फुलं उधळली, शाल घातली, आबासाहेबांच्या शेजारी उभं करून फोटो काढला. पुढच्या वर्षी मेघाला बघायला पाहुणे यायला लागले. वडील काय करतात? महापालिकेत आहेत. कुठल्या खात्यात? आरोग्य खात्यात. म्हणजे नक्की काय? एवढं झालं की पाहुण्यांना उशीर व्हायला लागायचा. पोहे तसेच राहायचे. अशी किती स्थळं गेली ते मी तिला कधी विचारलं नाही.

तर मेघानं नोंद लिहिली. माझ्या साऱ्या नोकरीत मी इतकी नेटकी नोंद पाहिली नाही. शब्द कुठून निघाला, कुणावर बसला, समुद्र ओलांडून कुणाच्या बोकांडी गेला, सगळं चार ओळींत. शत्रूंनी केलेली खोटी व्युत्पत्तीही तिनं घेतली होती. इंग्लंडातले धर्ममार्तंड सांगायचे, की लोलार्ड हा शब्द लॅटिनमधल्या 'लोलियम'वरून आला. लोलियम म्हणजे पिकात उगवणारं तण. म्हणजे ही माणसं तण, उपटा आणि टाका आगीत! शब्दाचं मूळ बदललं की माणसाचं मूळ बदलता येतं, ही अक्कल आपल्याकडेच आहे असं नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात आबासाहेब पाहणीला आले. बांधकामाची पाहणी करायची सवय, त्यामुळे कोशाच्या कचेरीतही ते भिंतीवर बोटानं टकटक करून बघायचे. टेबलावरचं सगळ्यात वरचं कार्ड उचललं. चष्मा वर केला, खाली केला.

"लोलार्ड. डच म्हंजे कोण वो, बाई?"

"हॉलंडकडचे."

"त्यांचा काय संबंध? ह्यो तर आपला शब्द हाय की! लोळणारा. लोळ, लोळण, लोटांगण! जोतिबाच्या पायऱ्यांवर लोक लोटांगण घालत जात्यात का न्हाय? तोच लोलार्ड. भक्त! आपल्याकडनंच गेला त्यो तिकडं. मसाल्याच्या जहाजातनं."

मसाल्याच्या जहाजातून! मिरीच्या पोत्यांत लपून एक मराठी शब्द लोटांगण घालत हॉलंडला गेला, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून मी ओठ चावून बसले. म्हटलं, "आबासाहेब, पुरावा लागतो."

"मी सांगतोय की! आनि काय पुरावा पायजे?" ते मोकळेपणानं हसले. मग कार्ड ठेवता ठेवता म्हणाले, "कुणी लिवलंय हे? मेघानं? हुशार पोरगी. तिची मुलाखत हाय न्हवं पुढच्या म्हयन्यात? चांगलं हाय. दुरुस्त करून घ्या तेवढं."

धमकी दिली असं कुणी म्हणू शकणार नाही. माणूस फक्त मुलाखतीची चौकशी करून गेला.

आमच्या धंद्यात अशा प्रसंगासाठी एक औषध आहे. 'एका मतानुसार'. ज्या गोष्टीला बूड नाही पण बापाचा वशिला आहे, ती 'एका मतानुसार' या दोन शब्दांच्या मागे बसवून द्यायची. वाचणाऱ्या शहाण्याला कळतं आणि देणगीदाराला कळत नाही. मी मेघाला म्हटलं, "घाल एक ओळ. एका मतानुसार हा शब्द मराठी लोटांगणावरून आला असावा. तुझी नोंद आहे तशी राहील. नोकरी मिळू दे, दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ कापून टाकू."

"दुसरी आवृत्ती निघते का हो आपली?" तिनं विचारलं.

या पोरीला नको ते प्रश्न पडतात.

"बाई," ती म्हणाली, "तणाची गोष्ट पण कुणाचं तरी मतच होतं ना? लोकांना जाळायला पुरलं तेवढं." आणि उठून गेली. पुढचे दोन-तीन दिवस ती आली नाही. मला तिचा राग आला, खरं सांगते. मनात म्हटलं, तत्त्व बित्त्व ठीक आहे, पण पेन्शन असलेल्यांनी करायची चैन आहे ती.

शेवटी मी घाटावर गेले. म्हटलं, बापाकडूनच तिला सांगवावं. होळी नुकतीच झाली होती. आपल्याकडे होळीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, जाळायच्या त्या जाळण्याऐवजी स्मशानाला दान देतात, हे बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. फुकट अंत्यसंस्कार होतात ते या शेणींवर. चांगली रीत आहे. गल्लीगल्लीतली पोरं ट्रॉल्या भरून आणतात. आबासाहेबांनीही दिल्या होत्या. शेणींच्या ढिगाशेजारी त्यांचा बॅनर उभा होता, ढिगापेक्षा मोठा.

दत्तोबा शेणी रचत होते. मला बघून हात झाडत पुढे आले, पण नेहमीसारखे चार पावलं लांबच थांबले. मी सगळं सांगितलं. शब्द, डच, आबासाहेब, मुलाखत. ते मान खाली घालून ऐकत होते. शब्दाचं त्यांना काही वाटलं असेल असं दिसलं नाही. मुलाखत म्हटल्यावर मात्र मान वर झाली.

"म्हंजे त्या येका ओळीवर माझ्या पोरगीची नोकरी हाय?"

"तसं कुणी म्हटलेलं नाही."

"न्हाय म्हणत वो कुणी. मी काय आज बघतोय व्हय माणसं?" त्यांनी बॅनरकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई, लोळणारा म्हणा, न्हायतर पळणारा म्हणा. मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय? तिला मी इथनं भाईर काढायला शिकिवली. माझ्या नावाची पाटी तिच्या गळ्यात नगो म्हणून. आनि ती तिकडं माझ्यासारक्यांचंच पुराण लिवत बसलीया! सांगतो मी तिला आज."

काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मेघा आली. डोळे सुजलेले. नवं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. जुन्या चार ओळी तशाच होत्या. खाली पाचवी ओळ: 'एका मतानुसार (हे मत मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांचे) हा शब्द मराठी लोटांगणावरून आला, या मतास कोणताही आधार सापडत नाही.'

मी घाम पुसला. "अगं, हे काय?"

"ज्याचं मत त्याचं नाव द्यायचं, तुम्हीच शिकवलंत. आणि आधार सापडला नाही तर नाही म्हणायचं, तेही तुम्हीच."

अशा वेळी आपण शिकवलेलं सगळं विसरून जाणारा विद्यार्थी किती बरा, असं वाटतं. "बाबांनी ओळ घाल म्हटलं," ती म्हणाली, "घातली."

मुद्रितं आबासाहेबांकडे पाठवणं भाग होतं. मी पाठवली आणि दोन रात्री तळमळत काढल्या. तिसऱ्या दिवशी फोन. "बाई, ती लोलार्डाची नोंद बघितली." मी हातातली चहाची कपबशी आधी खाली ठेवली. "झकास! फकस्त येक करा. माझं नाव जरा ठळक टायपात घ्या की. आनि फुडं आडनाव पण घाला."

घेतलं. ठळक टायपात. आडनावासकट. कोशात जिवंत माणसाचं नाव ठळक छापलेली ती आमची एकमेव नोंद, आणि पुढच्याच शब्दांत त्या माणसाच्या म्हणण्याला आधार नाही असं लिहिलेलं. आपल्या नावाच्या पुढचं माणूस वाचत नाही, हा शोध आम्हाला तेव्हा लागला. इतकी वर्षं उगाच 'एका मतानुसार'च्या आड लपत राहिलो.

कोशाच्या पहिल्या भागाचं, 'ए' ते 'एल'चं, प्रकाशन झोकात झालं. आबासाहेबांनी भाषणात मसाल्याचं जहाज आणलंच. टाळ्या पडल्या. एका वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी मथळा होता, की इंग्रजांना धर्म शिकवणारा शब्द करवीरचा. मेघा शेवटच्या रांगेत बसून ऐकत होती. मला मात्र आनंदच झाला होता. म्हटलं, सुटलो! नोंदही खरी राहिली आणि साहेबही खूश. पोरगी लागली नोकरीला.

दोनदा पुढे ढकललेली मुलाखत एकदाची झाली. जागा आबासाहेबांच्या साडूच्या मुलीला मिळाली. तिचं नाव म्हणे जाहिरात निघायच्या आधीच ठरलं होतं, सगळ्या कॉलेजला माहीत होतं, शिपायालासुद्धा. फक्त कोशाच्या कचेरीत ही बातमी पोचली नव्हती. आम्ही आपले व्युत्पत्ती शोधत बसलो होतो. आबासाहेबांनी मोठ्या मनानं मेघाला पुढच्या वर्षीचे तास मात्र दिले. वर म्हणाले, "पोरगी अभ्यासू हाय, तिला कोशातच ठेवा."

मी चिडले, रडले, मंडळातल्या दोघांना फोनवर वाटेल ते बोलले. त्यानं काय व्हायचं होतं? मेघा म्हणाली, "बाई, 'एम'चं अक्षर द्या आता." दिलं.

त्यानंतर आठवड्यानं दुपारी दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. दत्तोबा. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. आत या म्हटलं तर, "नगो, हितंच बरं हाय," म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी खुर्ची उचलून दारात नेली, तरी बसले नाहीत.

"पोरगीनं लिवल्यालं पुस्तक बघायचं हुतं."

मी प्रत दिली. त्यांनी हात शर्टाला पुसून ती घेतली, चाळली, परत दिली. "मला काय वाचाय जमतंय! तेवढं येक वाचून दावा. ज्यापायी मी तिला लई बोललो त्ये."

मी वाचलं. सावकाश, सोपं करून. आजाऱ्यांची सेवा करणारे ते बंधू, कुणी हात न लावलेली मढी उचलणारे, पुरताना हलक्या आवाजात गुणगुणणारे, आणि लोकांनी त्यावरून ठेवलेलं नाव. पाचवी ओळ मी वाचली नाही. ते ऐकत होते, खाली ढेपा उतरल्याचे आवाज येत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "खरी माणसं हुती व्हय ही?"

"खरी. सातशे वर्षांपूर्वीची."

"आनि लोक त्यास्नी नावं ठेवायची."

"ठेवायची."

"त्यास्नी पोरी हुत्या?"

मला प्रश्न आधी कळलाच नाही. म्हटलं, "नाही हो. संन्यासी होते ते. बायको-मुलं नव्हतीच त्यांना."

दत्तोबांनी मान हलवली. जिन्याच्या कठड्याला धरून एक पायरी उतरले, मग वळून माझ्याकडे बघितलं.

"मग कुणी कायबी म्हणंना, बाई. त्यांचं काय जात हुतं?"